परांचीआडचे मंदिर : होट्टल

१/
लांबचा प्रवास करून प्राचीन मंदिर पाहायला जावे आणि तेथे परांची, दोऱ्या व दगडांचे ढीग दिसावेत, की पर्यटक हिरमुसतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दुरुस्तीच्या काळात असे काही पाहायला मिळते, जे पुढे पुन्हा झाकले जाते. नांदेड जिल्ह्यातील होट्टल हे त्याचे अलीकडचे उदाहरण.

२/
होट्टल हे देगलूर तालुक्यातील गाव. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरांसाठी ते प्रसिद्ध आहे. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. आजच्या राज्यसीमा बाजूला ठेवल्या, तर नांदेड-लातूरचा हा प्रदेश त्या राजधानीच्या अगदी निकटचा ठरतो. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिरही याच परिसरातले.

३/
राज्याच्या पुरातत्त्व विभागाने होट्टल येथे संवर्धनाचे काम हाती घेतले. राडारोडा उपसताना एका लुप्त शिवमंदिराचे जोते उघडे पडले. शोध घेण्यासाठी चर खणले गेले. त्यांत शिवलिंग आढळले आणि मोठ्या संख्येने विटाही. २०२५ च्या आरंभी ही वार्ता प्रसिद्ध झाली.

४/
विटांना महत्त्व का? चालुक्यकालीन मंदिर म्हटले की डोळ्यांपुढे घडीव काळा पाषाण येतो. येथे मात्र मंदिराच्या वरच्या बांधकामात विटांचा वापर झाला असावा, असे या अवशेषांवरून दिसते. मराठवाड्याला ही परंपरा अपरिचित नाही. तेर येथील त्रिविक्रम मंदिर विटांचेच आहे. पण वीट लवकर ढासळते आणि तिचा ढीग लोकांना निव्वळ माती वाटतो.

५/
याच कामात सुमारे इ. स. १०७० चे तीन शिलालेखही मिळाले. त्या वेळी कल्याणीच्या गादीवर दुसरा सोमेश्वर होता. लेखांत मंदिराच्या उभारणीस साहाय्य करणाऱ्या दात्यांचे उल्लेख आहेत. राजांची नावे ताम्रपटांतून आणि काव्यांतून टिकतात. गावोगावच्या दात्यांची आठवण बहुधा अशा एखाद्या दगडावरच उरते.

६/
हाच राडारोडा यंत्राने सपाट करून वर फरशी घातली असती तर? अनेक गावांत जीर्णोद्धार याच रीतीने होतो. मूर्तींना तैलरंग, भिंतींना सिमेंट, गाभाऱ्यात चकचकीत फरशा. त्यामागची श्रद्धा खरी असते; पण अक्षरे रंगाखाली बुजतात आणि सिमेंटमुळे ओल व क्षार दगडातच अडकून तो झिजू लागतो.

७/
तज्ज्ञही चुकतात. १९२० च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचविण्यासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना पाचारण केले. सुटणारे रंगथर त्यांनी जागी बसविले. परंतु वर दिलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळा व काळपट पडला. तो काढण्याचे नाजूक काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले. म्हणूनच केलेला उपाय पुढे काढता यावा, हे आज संवर्धनाचे मूलतत्त्व मानले जाते.

८/
तेव्हा परांची दिसली म्हणून मागे फिरू नये. दोरीबाहेर उभे राहूनही बरेच दिसते : सुट्या दगडांवर घातलेले क्रमांक, उघड्या जोत्याचे थर, बाजूला रचलेल्या विटा. आणि स्वतःच्या गावात जुन्या मंदिराचे काम निघाले, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी भिंतीवर, खांबावर, पायरीवर कोठे अक्षरे आहेत का, हे कोणीतरी पाहून घ्यावे.