अण्वस्त्राने युद्ध संपविणे समर्थनीय आहे का?

युद्ध लवकर संपावे म्हणून अण्वस्त्र वापरणे न्याय्य ठरते का, हा प्रश्न १९४५ पासून चर्चेत आहे. त्याच्या मुळाशी असलेला साध्य-साधनांचा वाद तासगाव परिसराला त्याआधीच परिचित होता. ३ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या तासगावच्या कचेरीवर हजारोंचा मोर्चा गेला आणि रक्तपात न होता तेथे तिरंगा फडकला. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर मात्र गोळीबार झाला. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने शस्त्रेही हाती घेतली. स्वातंत्र्यासाठी हिंसा क्षम्य आहे का, यावर तेव्हा बराच खल झाला.

समर्थकांची बाजू

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर व ९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडला. १५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. जपानवरील नियोजित आक्रमण टळल्याने लाखो प्राण वाचले, असे अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी १९४७ मध्ये मांडले. हा युक्तिवाद आपल्यालाही परका नाही. सप्टेंबरमध्ये मलायाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेत हिंदी सैनिक मोठ्या संख्येने होते. शरणागतीमुळे त्यांना लढाई करावी लागली नाही.

आक्षेप

वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार, तर नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मरण पावली. त्यांत नागरिकच बहुसंख्य होते. शिवाय ९ ऑगस्टलाच सोव्हिएत सैन्याने मांचुरियात चढाई केल्याने शरणागतीचे श्रेय एकट्या बॉम्बला देता येत नाही. बॉम्ब न टाकताही जपान बहुधा १ नोव्हेंबरपूर्वी शरण आला असता, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच बॉम्बहल्ला पाहणी अहवालाने १९४६ मध्ये काढला. तो निष्कर्षही आज वादग्रस्त आहे. महात्मा गांधींनी जुलै १९४६ मध्ये पुण्याहून ‘हरिजन’साठी लिहिलेल्या लेखात, बॉम्बच्या धास्तीने जग अहिंसेकडे वळेल ही आशा फोल ठरविली.

कायदा काय सांगतो?

अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे युद्धविषयक कायद्याच्या विरुद्ध ठरेल, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी दिले. राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात असेल, तर काय, यावर मात्र ठाम निर्णय देण्याचे न्यायालयाने टाळले. भारताने २००३ मध्ये ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण जाहीर केले. परंतु २०२१ मध्ये अमलात आलेल्या अण्वस्त्रबंदी करारात तो सहभागी नाही.

प्रतिसरकारच्या शस्त्रांविषयी मतभेद असू शकतात. पण ती कोणावर रोखली आहेत, हे रोखणाऱ्याला ठाऊक असे आणि त्याचा जाबही विचारता येत असे. शहरावर टाकलेल्या अणुबॉम्बला सैनिक आणि शाळकरी मूल यांत भेद करताच येत नाही. वाचलेल्या प्राणांचा हिशेब अंदाजाचा असतो, गेलेल्या प्राणांचा मात्र प्रत्यक्षातला. म्हणूनच युद्ध थांबविण्याचा हेतू कितीही प्रामाणिक असला, तरी हे साधन समर्थनीय ठरत नाही.