धारेवर पाणी नसतं

नोव्हेंबरात सिंगालीलाची धार पायी करायचं आम्ही ठरवलंय. पाच दिवस, पाच पेन्शनर, सगळे साठीच्या आसपास. मानेभंज्यांगहून टोंगलू, काळीपोखरी, संदकफू, फालुत आणि मग खाली गोर्खे. दार्जिलिंगच्या पश्चिमेची ही लांब धार म्हणजे भारत-नेपाळ सीमा. पायवाट कधी इकडे, कधी तिकडे. सीमा खुली आहे, पण ओळखपत्र खिशात हवं, कारण वाटेवर एसएसबीच्या चौक्या आहेत. अजून सेवेत असलेल्यांनी युनिटची परवानगी घेतल्याशिवाय निघू नये.

आपल्या घाटमाथ्यावरचा एक थेंब कोकणातून अरबी समुद्राला जातो, शेजारचा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. सिंगालीलाही तसाच जलविभाजक, पण इथले दोन्ही थेंब पुन्हा भेटतात. पश्चिमेचं पाणी तमोर-कोशी किंवा कंकई-महानंदेवाटे गंगेत, पूर्वेचं रंगीत-तीस्तेवाटे ब्रह्मपुत्रेत. पुढे बांगलादेशात गोआलंदोजवळ दोन्ही प्रवाह एक होतात. १७८७ च्या महापुराआधी तर तीस्ताही गंगेकडेच वळायची.

सुगौलीचा तह १८१६ मध्ये लागू झाला आणि मेची नदीच्या पूर्वेचा मुलूख नेपाळने सोडला. १८१७ च्या तितालिया तहाने कंपनीने तो सिक्कीमच्या राजाला दिला. कागदावर सोपं होतं. पण वर डोंगरात मेचीला दोन फाटे. खरी मेची कुठली? पूर्वेची म्हटली तर मधला अंतूचा डोंगर नेपाळचा, पश्चिमेची म्हटली तर सिक्कीमचा. हे भांडण मिटवायला कॅप्टन लॉईडला पाठवलं गेलं. त्या दौऱ्यात, फेब्रुवारी १८२९ मध्ये, तो सहा दिवस दार्जिलिंगला राहिला आणि जागेच्या प्रेमात पडला. १८३५ मध्ये राजाने दार्जिलिंग कंपनीला दिलं. म्हणजे चहा, छोटी रेल्वे आणि लेबाँगची छावणी या सगळ्याच्या मुळाशी एका ओढ्याची तक्रार आहे! अंतू आज नेपाळच्या इलाम जिल्ह्यात आहे. लोक तिथे सूर्योदय बघायला जातात.

नदीपेक्षा धार बरी, असं सर्व्हेवाल्यांना वाटतं ते यामुळेच. धारेला फाटे फुटले तरी पाणी कुठल्या बाजूला उतरतं ते बघून निकाल लागतो. चालणाऱ्याची पंचाईत मात्र तिथेच होते. पाणी दोन्हीकडे उतरून जातं, माथ्यावर थांबत नाही. झरे सापडतात ते धारेच्या खाली, कुशीत.

म्हणून मी नकाशावर आधी शिखरं नाही, नावं वाचली. नेपाळीत भंज्यांग म्हणजे खिंड, पोखरी म्हणजे तळं, खोला म्हणजे ओढा, डाँडा म्हणजे धार. मुक्काम भंज्यांग किंवा पोखरीजवळ, डाँड्यावर शक्यतो नाही. फालुत हे लेपचा नाव. अर्थ बोडका डोंगर असा सांगतात. आमच्या पोरांनी त्याचं केव्हाच 'फालतू' करून टाकलं होतं, पण बोडक्या डोंगरावर वारा अडवायला झाड नसतं, ही माहिती फालतू नाही.

पहिले तीन दिवस सोपे: ३,६३६ मीटरवरच्या संदकफूपर्यंत साधारण ३१ किलोमीटर, तेही मुद्दाम सावकाश, अंगाला उंचीची सवय व्हावी म्हणून. जीपने एका दिवसात वर जाण्याचा प्रस्ताव मी तिथेच मोडला. खरी परीक्षा चौथ्या दिवशी. संदकफू ते फालुत २१ किलोमीटर, जवळजवळ सगळी धारेवरून, उघड्या उन्हा-वाऱ्यात. थंडीत तहान कळत नाही. मग डोकं दुखायला लागलं की ते पाण्यावाचून दुखतंय की उंचीने, हे ओळखणं अवघड होतं. त्यामुळे माणशी तीन लिटर पाणी संदकफूलाच भरायचं आणि पिट्ठूतलं दुसरं काहीतरी कमी करायचं.

सकाळी सहाला निघायचं. दुपारी एकपर्यंत चौदाव्या किलोमीटरवरचं सबरकुम न गाठणाऱ्याने पुढचा नाद सोडून जवळच्या मोल्लेला उतरायचं, कारण नोव्हेंबरात तिकडे पाचच्या आत अंधारतं. चौघांनी हे कबूल केलंय. आमचे सुभेदार साहेब अजून ऐकत नाहीत.