किंग्ज क्रॉसचा मालधक्का

मुंबई इलाख्याच्या कारभाराचा अभ्यास करणारा विद्यार्थी लंडनला गेला, म्हणजे त्याची पावले ठरलेल्या जागी वळतात. जुन्या इंडिया ऑफिसचे दप्तर 1998 पासून ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या वास्तूत आहे आणि ही वास्तू सेंट पँक्रस स्टेशनाच्या शेजारी, एक रस्ता ओलांडला की लागते. ज्या मेजावर तो कंपनीच्या काळातले पत्र उलगडून बसतो, ते मेज एका जुन्या मालधक्क्यावर मांडलेले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. तुम्हीही कधी तिकडे गेलात, तर वाचन आटोपल्यावर लगेच परतू नका. सेंट पँक्रस आणि त्याला खेटून उभे असलेले किंग्ज क्रॉस, या दोन स्टेशनांच्या मागे चक्कर मारून या. तिथली 67 एकर जमीन दीडशे वर्षांत दोनदा उलटीपालटी झाली आहे.

किंग्ज क्रॉस म्हणजे राजाचा चौक. कोणता राजा? चौथा जॉर्ज. 1830 च्या सुमारास त्याचे एक स्मारक इथे उभारले. त्याच्या पायथ्याच्या खोलीत आधी पोलीसचौकी होती, मग तिथे दारूचे दुकान निघाले. लोकांना ते इतके नकोसे झाले की 1845 मध्ये ते पाडूनच टाकले. राजा गेला, नाव तेवढे राहिले! त्या वेळी ही शहराच्या वेशीबाहेरची वस्ती होती. देवीच्या रोग्यांचे रुग्णालय आणि केरकचऱ्याचे उकिरडे, अशी तिची शोभा. शहराला जे जवळ नको असते, ते वेशीवर नेऊन ठेवायचे, ही रीत काही आपल्याकडचीच नाही.

1820 मध्ये उत्तरेच्या अंगाने कालवा आला. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने देवीच्या रुग्णालयाच्या जागेवर 1852 साली किंग्ज क्रॉस स्टेशन उघडले आणि पाठीमागे धान्याचे कोठार, कोळशाच्या वखारी असा पसारा मांडला. उत्तरेकडून कोळशाच्या वाघिणी उंच पुलावर येत. वाघिणीचा तळ उघडला की कोळसा खालच्या कप्प्यात पडे, तिथे पोत्यांत भरला जाई, आणि घोडागाड्या तो लंडनच्या चुलींपर्यंत पोचवीत. धान्याच्या कोठारात तर कालव्याच्या होड्या थेट इमारतीच्या पोटात शिरत.

दुसरी कंपनी मिडलंड. तिला सेंट पँक्रस बांधावयाचे होते, पण वाटेत माणसे होती. अ‍ॅगर टाउन नावाची गरिबांची दाट वस्ती 1860 नंतरच्या दशकात कंपनीने विकत घेऊन सपाट केली. राहणारे आठवड्याच्या भाड्याने राहत. अशा भाडेकऱ्याला कसली भरपाई मिळणार? ते सामान उचलून शेजारच्या, आधीच भरलेल्या गल्ल्यांत शिरले. त्यांच्या मागे कागदपत्र म्हणावे असे फारसे उरले नाही. इतिहासाच्या शिक्षकाला ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

मेलेल्यांची व्यवस्था त्यापेक्षा जरा बरी झाली. रूळ सेंट पँक्रसच्या जुन्या दफनभूमीतून जाणार होते. प्रेते उकरताना हेळसांड होते अशी ओरड झाली, तेव्हा देखरेखीचे काम आर्थर ब्लॉमफील्ड या वास्तुशिल्पज्ञाकडे आले, आणि त्याने संध्याकाळी तिथे उभे राहण्यासाठी हाताखालच्या एका तरुणाला पाठविले. हा तरुण म्हणजे पुढचा कादंबरीकार टॉमस हार्डी. एकदा एक शवपेटी फुटली आणि तिच्यातून सांगाडा एक, पण कवट्या दोन निघाल्या. दोन डोक्यांच्या त्या माणसाची आठवण हे गुरुशिष्य पुढे कित्येक वर्षांनी काढीत होते. हलविलेली थडगी एका झाडाभोवती दाटीवाटीने रचलेली होती. त्या झाडाला लोक हार्डीचे झाड म्हणत. डिसेंबर 2022 मध्ये ते कोसळले.

1868 मध्ये सेंट पँक्रसचे 240 फूट रुंदीचे छप्पर पुरे झाले. तेवढे रुंद छप्पर त्या काळी जगात दुसरे नव्हते. फलाटाखाली बिअरची पिंपे ठेवीत, आणि तिथल्या लोखंडी खांबांमधले अंतर पिंपांच्या मापाने ठरविले होते. आज त्याच तळघरातून प्रवासी पॅरिसच्या गाडीकडे जातात.

उतरती कळा लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. माल मोटारींवर गेला, कोळशाच्या जागी समुद्रातला नैसर्गिक वायू आला. वखारी ओस पडल्या, आणि 1980 च्या सुमारास रात्रीच्या वेळी भल्या माणसाने तिकडे फिरकू नये अशी परिसराची ख्याती झाली. सेंट पँक्रसचे स्टेशनही मोडीत निघणार होते. 1967 साली कवी जॉन बेट्जेमन आणि त्यांचे सहकारी यांच्या खटपटीने त्याला संरक्षण मिळाले. जवळच्या यूस्टन स्टेशनची कमान नुकतीच पाडली गेली होती, ती सल ताजी होती.

आता मुद्द्याचे सांगतो. 1987-88 मध्ये ब्रिटिश रेल्वेने धनिकांचा एक गट निवडला आणि नॉर्मन फॉस्टर यांच्याकडून या जमिनीचा आराखडा करवून घेतला. कचेऱ्याच कचेऱ्या! स्थानिक रहिवासी विरोधात उभे राहिले. त्यांनी स्वतःचे पर्यायी आराखडे मांडले. पण योजना बुडाली ती मुख्यतः जमिनीचे भाव कोसळल्यामुळे. पुढे खाडीखालच्या बोगद्याची गाडी सेंट पँक्रसला आणण्याचे 1996 च्या कायद्याने ठरले. ती 2007 मध्ये आली. हा जो दहावीस वर्षांचा खोळंबा झाला, तो माझ्या मते या परिसराला लाभलेला सर्वांत मोठा उपकारकर्ता. तेवढ्या काळात लोकांची नजर बदलली. कोळशाच्या एका जुन्या वखारीवर 1985 मध्येच छोटे वन्य उद्यान झाले होते. ते टिकले. जुन्या विटांना किंमत आली. 2006 साली मंजूर झालेल्या आराखड्यात सुमारे 20 जुन्या इमारती राखल्या गेल्या. 2011 मध्ये धान्याच्या कोठारात कलामहाविद्यालय भरू लागले. गॅसच्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे सुटे करून, डागडुजी करून, कालव्याच्या पलीकडच्या काठावर पुन्हा उभे केले, आणि त्यांच्या पोटात घरे बांधली!

या खेपेला अ‍ॅगर टाउनसारखी अख्खी वस्ती सपाट करून माणसे हाकलली गेली नाहीत, हे कबूल केलेच पाहिजे. मग भांडण कशाचे? रहिवाशांच्या एका गटाने मंजुरीविरुद्ध न्यायालय गाठले. 2007 मध्ये ते हरले. स्वस्त घरांचा जो वाटा ठरला होता, तो 2015 मध्ये घटविण्यात आला. अन् चौक, रस्ते, बागा सर्वांना खुल्या असल्या तरी त्यांची मालकी खाजगी. तिथल्या कॅमेऱ्यांत येणाजाणाऱ्यांचे चेहरे ओळखणारी यंत्रणा वापरली गेली होती, असे 2019 मध्ये उघडकीस आले. बोभाटा झाला आणि ती पुन्हा वापरणार नाही असे मालकांनी जाहीर केले.

कोठारापुढच्या चौकात, जिथे पूर्वी होड्या लागत, तिथे जमिनीतून कारंज्यांच्या हजारावर धारा उडतात. उन्हाळ्यात शेजारच्या सॉमर्स टाउनची पोरे कपड्यांनिशी त्यात भिजतात. अ‍ॅगर टाउनमधून उठलेली माणसे ज्या गल्ल्यांत शिरली होती, त्यांतल्याच काही या वस्तीत होत्या.