तिकिटाची नजर

बदलापूर स्टेशनबाहेर सकाळच्या घाईत अधूनमधून एक मजेशीर दृश्य दिसतं. पुलाच्या जिन्यापर्यंत पोहोचलेला एखादा प्रवासी अचानक थबकतो, फोनकडे बघतो आणि स्टेशनकडे पाठ करून उलटा चालू लागतो. रिक्षांची रांग ओलांडतो, वडापावच्या गाडीपाशी थांबतो, पुन्हा फोन न्याहाळतो, आणखी दहा पावलं जातो. मग चेहरा खुलतो आणि तो आल्या वाटेने पळत सुटतो. घरी काही राहिलेलं नसतं. तिकिटाच्या ॲपने त्याला बजावलेलं असतं, की तू स्टेशनच्या फार जवळ आहेस, इथे तिकीट मिळणार नाही.

तिकीट काढण्यासाठी स्टेशनपासून लांब जायचं, हे खिडकीच्या रांगेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. त्याच्या तिकिटाला तो कुठे उभा आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं नावसुद्धा त्या तिकिटाला ठाऊक नव्हतं.

ते जुनं तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचा, सव्वादोन इंच लांबीचा तुकडा. त्याचा जनक टॉमस एडमंडसन हा इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा फर्निचर बनवणारा. धंद्यात त्याचं दिवाळं निघालं आणि १८३६ साली तो न्यूकॅसल–कार्लाईल रेल्वेच्या मिल्टन नावाच्या आडगावच्या स्टेशनावर नोकरीला लागला. तेव्हा रेल्वेत घोडागाडीच्या काळातली रीत चालू होती. कारकून वहीत प्रवाशाची नोंद करायचा आणि हाताने चिठ्ठी लिहून द्यायचा. आपण ज्याला ‘बुकिंग’ म्हणतो तो शब्द त्या वहीतूनच आलेला. या लिखापढीत वेळ जायचा आणि किती चिठ्ठ्या फाडल्या, किती पैसे जमा झाले, याचा ताळा लागायचा नाही.

एडमंडसनने तिकिटं आधीच छापून ठेवली आणि प्रत्येकावर क्रमाने आकडा घातला. दिवस संपला की गठ्ठ्यातल्या वरच्या तिकिटाचा आकडा बघायचा. सकाळचा आकडा वजा केला की किती तिकिटं विकली ते कळलं, आणि तेवढे पैसे गल्ल्यात असायलाच हवेत. म्हणजे तिकिटावरच्या नंबरचा पहारा प्रवाशावर नव्हता, खिडकीमागच्या बाबूवर होता. प्रवाशाची तर उलट वहीतून सुटकाच झाली. पुढे ही युक्ती वापरणाऱ्या रेल्वे कंपन्यांकडून एडमंडसनने मैलामागे वर्षाला दहा शिलिंग घेतले आणि गेलेली पत सव्याज मिळवली.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंत आणि १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत गाडी आली. दोन वर्षांनी रूळ अंबरनाथ, बदलापूर मागे टाकत घाटाच्या पायथ्याला खोपोलीपर्यंत गेले. एडमंडसनचं पुठ्ठ्याचं तिकीटही इथे आलं आणि संगणक येईपर्यंत टिकलं. लाकडी कप्प्यांत स्टेशनागणिक लावलेले गठ्ठे, तारीख उमटवणाऱ्या यंत्राचा ‘खट्ट’ आवाज आणि उतरल्यावर दारात हात पुढे करून उभा असलेला तिकीट कलेक्टर. तिकीट त्याच्या हातात पडलं की प्रवास संपला आणि प्रवासाची खूणही प्रवाशापासून सुटली. कोण गेलं, कोणाला भेटलं, परत का आलं, हे त्या पुठ्ठ्यावरून कोणालाही सांगता आलं नसतं.

नाव आलं ते पासाबरोबर. तिकीट एकदा वापरलं की संपतं. पास महिनाभर चालतो, म्हणजे तो भावाला, शेजाऱ्याला, ऑफिसातल्या मित्राला देता येतो. ते होऊ नये म्हणून पासावर नाव आलं आणि सोबत फोटो लावलेलं ओळखपत्र आलं. ओळखपत्राचा नंबर पासावर आणि फोटो चेहऱ्याशी जुळला पाहिजे. दुसऱ्याच्या पासावर प्रवास करणं हा गुन्हा आहे; रेल्वे कायदा, १९८९ मध्ये तिकीट हस्तांतरासाठी १४२ वं कलम आहे. पुठ्ठ्याच्या तिकिटाने बाबूवर रोखलेली नजर इथे पहिल्यांदा खिडकीच्या अलीकडे वळली.

आपली नोंद व्हावी ही मात्र प्रत्येक वेळी नकोशी गोष्ट असते असं नाही. पासाच्या अर्जावर उल्हासनगरचा माणूस पत्ता लिहितो तो असा: बॅरक नंबर, खोली नंबर, कॅम्प नंबर. गावाचा सगळा पत्ता आकड्यांतच, कारण गावच मुळात लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या या छावणीच्या बॅरकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत वस्तीला उल्हास नदीवरून नाव मिळालं. लोकांच्या तोंडी मात्र आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ हेच पत्ते आहेत. घरदार, दुकान, जमीन मागे टाकून आलेल्या माणसाला सरकारी वहीत आपलं नाव चढणं हा मोठा दिलासा होता. १९५० साली विस्थापितांच्या दाव्यांचा कायदा झाला आणि मागे राहिलेल्या मालमत्तेचा हिशेब मागायचा तर आधी नोंद हवी होती. रेशनकार्ड, दाव्याचे कागद, लोकलचा पास अशी एकेक नोंद जमवत माणसं पुन्हा उभी राहिली. त्या पिढीला ‘माझी माहिती कशाला हवी?’ असा प्रश्न सुचला नसता. माहिती कोणी विचारतच नाही, याचीच धास्ती तिने अनुभवली होती.

मात्र त्या नोंदी आपापल्या कपाटात राहत. रेशनच्या दुकानाला पासाचा पत्ता नव्हता आणि टीसीला रेशनकार्डाचा. त्यांना एकत्र ओवणारा धागा नव्हता.

तो धागा रेल्वेबाहेर तयार झाला. १९९४ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरसमोर एक अडचण होती. वेबसाइटला स्मरणशक्तीच नव्हती. तुम्ही एक पान उघडलं, मग दुसरं उघडलं, तर दोन्ही वेळी आलेला माणूस एकच आहे हे तिला कळायचं नाही. दुकानात पिशवीत टाकलेली वस्तू पुढच्या कपाटापाशी जाईतो गायब व्हावी, तसा प्रकार. माँटुलीने तोडगा काढला: वेबसाइटने पाहुण्याच्या संगणकावर एक छोटीशी खुणेची चिठ्ठी ठेवायची, पुढच्या वेळी ती बघायची आणि ओळखायचं. हीच ‘कुकी’. हेतू पिशवी सांभाळण्याचा होता. जाहिरात कंपन्यांना मात्र थोड्याच वर्षांत कळलं की एकच चिठ्ठी हजार दुकानांत ओळखता आली, तर तो माणूस दिवसभर कुठे कुठे हिंडला ते सांगता येतं. पुठ्ठ्याचं तिकीट आठवण न ठेवणाऱ्या वेबसाइटसारखं होतं. पास आणि पुढे आलेलं तिकीट यंत्रांचं स्मार्ट कार्ड ही कुकीची भावंडं.

मुंबईच्या लोकलसाठी मोबाइल तिकिटाचं ॲप २७ डिसेंबर २०१४ ला आलं. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने ते बांधलेलं. सुरुवातीला फोनवर पैसे भरून कागद मात्र स्टेशनावरच्या यंत्रातून घ्यावा लागे. पुढच्या वर्षी कागदाचीही गरज संपली आणि खरा पेच तिथेच उभा राहिला. तिकीट फोनमध्येच निघणार असेल, तर ते आधी काढायचं कशाला? विदाऊट तिकीट चढायचं, पलीकडच्या दारात काळा कोट दिसला की दोन बटणं दाबायची.

यावर रेल्वेने नकाशात कुंपण घातलं. स्टेशन आणि रुळांभोवती एक अदृश्य रेघ आखली. रेघेच्या आत फोन असेल तर कागदाविना तिकीट नाही. हे जमतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. आकाशातले जीपीएसचे उपग्रह फोनला पाहत नाहीत. ते फक्त वेळेची टिमकी वाजवत फिरतात. फोन किमान चार उपग्रहांच्या टिमक्या ऐकतो, कोणती किती उशिरा पोहोचली यावरून स्वतःची जागा काढतो आणि ती ॲपला सांगतो. उपग्रहाला बदलापूरच्या प्रवाशाचं काहीच माहीत नसतं. चुगली करतो तो खिशातला फोन. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा पत्र्याच्या छपराखाली त्याचा अंदाज काही मीटरने चुकतो, म्हणून वडापावच्या गाडीपर्यंतची ती पायपीट.

कुंपणाला बाहेरचीही एक रेघ होती. उपनगरी भागात स्टेशनपासून दोन किलोमीटरच्या पलीकडे तिकीट निघत नसे. २०२२ च्या अखेरीस ती मर्यादा पाच किलोमीटर झाली आणि २०२४ मध्ये बाहेरची रेघ पुसूनच टाकली. आतली राहिली.

नियम आला की पळवाट येते. स्टेशनात असलेल्यांची सोय म्हणून रेल्वेने भिंतीवर क्यूआर कोड लावले, ते स्कॅन केले की कुंपणाच्या आतूनही तिकीट मिळे. लोकांनी त्या कोडचे फोटो काढून ठेवले आणि टीसी दिसला की चालत्या गाडीत ते स्कॅन करू लागले. हे उघड झाल्यावर या सोयीचा फेरविचार करावा लागला. २०२५ मध्ये तर एआयच्या मदतीने बनवलेले खोटे पास मध्य रेल्वेवर पकडले गेले. अशा प्रत्येक लबाडीनंतर नजर आणखी बारीक होते, आणि ती फक्त लबाडावर रोखता येत नाही. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ६८ किलोमीटर लोंबकळत जाणाऱ्या, कधीच विदाऊट न जाणाऱ्या माणसालाही आपल्या फोनची जागा सांगावीच लागते. नाहीतर खिडकीची रांग आहेच.

मधल्या काळात तिकिटाने शरीराचाही हिशेब मागितला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल बंद पडल्या. १५ जूनला सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. १५ ऑगस्ट २०२१ पासून बाकीच्यांना पुन्हा दार उघडलं, पण अट होती लशीच्या दोन मात्रांची आणि दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवस उलटल्याची. स्टेशनांवर टेबलं मांडून पालिकांचे कर्मचारी लशीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र ताडून शिक्का देत आणि त्या शिक्क्यावर खिडकीत पास मिळे. लस आणि लोकल यांची ही गाठ मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. पुढे निर्बंध उठले. पण कधी काळी परस्परांना न ओळखणारी कपाटं एका टेबलावर किती सहज उघडतात, ते या मार्गावरच्या लाखोंनी रांगेत उभं राहून पाहिलं.

एवढी माहिती जमल्यावर तिची किंमत कोणाच्या तरी लक्षात येणारच. ऑगस्ट २०२२ मध्ये रेल्वेचं ऑनलाइन आरक्षण सांभाळणाऱ्या आयआरसीटीसीने सल्लागार नेमण्यासाठी एक निविदा काढली. प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न कसं काढता येईल, हे त्या सल्लागाराने सांगायचं होतं. नाव, वय, फोन नंबर, पत्ता, प्रवासाचा वर्ग, पैसे भरण्याची पद्धत अशी यादीच त्यात होती. गहजब झाला, प्रकरण संसदेच्या स्थायी समितीसमोर आलं आणि त्याच महिन्यात निविदा मागे घेतली गेली. माहिती संरक्षणाचा कायदाच अजून झालेला नाही, हे तेव्हा दिलेलं कारण.

कायदा नव्हता, पण हक्क होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मुख्य निकालांपैकी एक लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला एक निकाल मोडीत काढला. त्या निकालात सहभागी असलेल्यांमध्ये त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. दरम्यान १ जुलै २०२५ ला रेल्वेचं ‘रेलवन’ हे नवं ॲप आलं: लोकलचं तिकीट, लांबच्या गाडीचं आरक्षण, जेवण आणि तक्रारी, सगळं एका दारातून.

ॲपमध्ये काढलेल्या तिकिटांची यादी दिसते. समजा, अंबरनाथच्या एखाद्या घरातल्या फोनवर ती उघडली. वर्षभर तिच्यात जवळपास काहीच नाही. लग्नाच्या मोसमात ठाणे, दिवाळीआधी दादर. मग एका मंगळवारी परळ, दोन माणसं. पुढच्या मंगळवारी परळ. त्याच्या पुढच्याही. या मार्गावर केईएम आणि टाटा हॉस्पिटलचं स्टेशन कोणतं, हे कोणाला सांगावं लागत नाही. नंतर काही आठवडे सोमवार ते शुक्रवार, रोज परळ. मग खंड. मग पुन्हा एकदा परळ, या वेळी जायचं तिकीट दोघांचं आणि यायचं एकाचं.