नाणेघाटाचा रांजण आणि बारा गाई

मागच्या महिन्यातला एक शनिवार जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत गेला. मित्राची बायको तिथे शिकवते. तिचं म्हणणं, "पोरांना नेट येतं, पण शोधता येत नाही. तू रोज तेच करतोस ना, मग ये की एकदा." (रोज तेच करतो हे मात्र खरं. एरर मेसेज कॉपी करायचा, शोधायचा, पहिलं उत्तर चिकटवायचं. यालाच आमच्याकडे इंजिनिअरिंग म्हणतात.)

नववीची चौदा मुलं आणि सहा कॉम्प्युटर. म्हटलं, यांच्याच भागातला प्रश्न द्यावा. नाणेघाटाच्या तोंडाशी जो भलामोठा दगडी रांजण आहे, तो कशासाठी? मिनिटभरात सहाही कॉम्प्युटरवरून एकच उत्तर आलं: सातवाहनांच्या काळात व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचे. हल्ली तर साइट उघडावीही लागत नाही, यंत्राने लिहिलेला परिच्छेद वरच हजर असतो. मी विचारलं, "कशावरून?" एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, सगळीकडे तेच लिहिलंय."

इथे माझी पंचाईत झाली. ऑफिसच्या ट्रेकला आलेल्या मंडळींना गेली कित्येक वर्षं मीही हेच सांगत आलोय, तेही अगदी आवाज वगैरे लावून. कुणाकडून ऐकलं होतं, काही आठवेना.

मग ठरवलं की दुपारभर हेच करायचं. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी पाहिली आणि कुणी वाचली, तिथपर्यंत मागे जायचं.

नाणेघाट म्हणजे कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरला आणि पुढे पैठणला जाणारी जुनी व्यापारी वाट. माथ्याजवळ कातळात कोरलेली एक मोठी खोली आहे. तिच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक प्राकृत लेख आहे. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. आपण बहुतेक जण त्या खोलीत डबा खातो, भिंतीसमोर फोटो काढतो आणि अंगठ्याकडे निघतो.

आधुनिक काळात या लेखाची दखल पहिल्यांदा घेतली ती कर्नल विल्यम साइक्सने, १८२८ साली. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरणारा हा माणूस. त्याला ही खोली बौद्ध लेण्यांपैकीच वाटली. त्याने भिंतीवरची अक्षरं डोळ्यांनी बघून कागदावर उतरवली, पण त्यात काय लिहिलंय हे त्याला कळणं शक्यच नव्हतं, कारण तेव्हा ब्राह्मी कुणालाच वाचता येत नव्हती. त्याचा लेख १८३७ मध्ये छापून आला आणि त्याच सुमाराला तिकडे कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मीची किल्ली सापडत होती. आधी कॉपी-पेस्ट आणि मग अर्थ, हा क्रम आपल्या ओळखीचाच आहे. फरक एवढाच की साइक्सने जिथून उतरवलं ती जागा नोंदवून ठेवली होती.

मुलांना म्हटलं, आता साइक्स शोधा. जुन्नरचं आजचं इंग्रजी स्पेलिंग घालून तो काही केल्या सापडेना, कारण त्याने जुन्नर लिहिलंय 'जे, दोन ओ, एन, यू, आर' असं. त्याच्याही आधी, १६७५ मध्ये, जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर जुन्नरला आला होता. त्याच्या १६९८ मध्ये छापलेल्या पुस्तकात जुन्नरचं झालंय 'जे, ई, एन, ई, ए, एच'. ब्रिटिश गॅझेटियरात नाणेघाट शोधायचा तर 'नाना पास' म्हणून. आपण आपल्याच गावाला हाक मारतोय, पण गाव तिथे दुसऱ्याच नावाने बसलंय! फळ्यावर नावांची यादी करायला घेतली तेव्हा पोरं एकदम खुशीत आली. राणीच्या नावाचीच तीन रूपं निघाली: नायनिका, नागनिका, नागणिका.

आंबेगावच्या बाजूचा एक मुलगा होता, त्याची तक्रार वेगळीच. "सर, आमचा तालुका टाकला की फ्लॅटच येतात." बरोबर आहे, पुण्यात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आहे ना. मग उणे चिन्ह लावून 'फ्लॅट' आणि 'कात्रज' काढायला शिकवलं, जोडीला 'घोडेगाव' घालायला सांगितलं. त्यातून एक बारीक गोष्ट निघाली. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलंय, तालुक्याचं ठाणं घोडेगावला. जुन्या कागदांत तर 'गांव' वर अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असले अनुस्वार आपल्यासाठी गेले, पण जुन्या छापील पानांवरून कसे जातील? त्यामुळे दोन्ही प्रकारे शोधावं लागतं. (आणि युनिकोडच्या आधीची मराठी वर्तमानपत्रांची पानं आठवतात का? प्रत्येकाचा फाँट वेगळा. डोळ्यांना मराठी दिसायचं, सर्च इंजिनला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. किती मजकूर तसाच गेला असेल. असो.)

पुन्हा लेखाकडे. हा लेख उलगडण्यात मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी. मूळचे जुनागढचे, १८६१ मध्ये मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाडांकडे आले आणि पुढे आयुष्यभर असेच लेख वाचत हिंडले. नाणेघाटच्या लेखात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची जंत्री आहे, त्यामुळे तो आकड्यांनी भरलेला आहे. या आकड्यांना शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. दहाचं चिन्ह वेगळं, वीसचं वेगळं, शंभराचं वेगळं, हजाराचं वेगळं. म्हणजे २४,४०० कार्षापण लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी चिन्हं शेजारी शेजारी मांडायची. इंद्रजींनी १८७० च्या दशकात या आकड्यांवर लिहिलं. पुढे १८८३ मध्ये ब्यूलरने पुरातत्त्व खात्याच्या अहवालात सगळ्या लेखाचं वाचन आणि भाषांतर छापलं. साइक्सच्या फेरीपासून पंचावन्न वर्षं लागली.

हा अहवाल स्कॅन होऊन नेटवर फुकट पडलाय. अवतरणचिन्हांत नेमके शब्द घालून तो काढायला मुलांना पाऊण तास लागला, मध्ये दहा मिनिटं वीजही गेली. रोमन अक्षरांतलं प्राकृत वाचायला कुणी तयार होईना. शेवटी एक मुलगी बोट ठेवून वाचायला लागली आणि एका जागी थांबली. "सर, इथे बारस लिहिलंय. आणि पुढे बारा आकडा. आणि आधी गाव आहे का हे?"

गाव नव्हे, 'गावो'. गाई. बारा गाई. आधी शब्दात आणि लगेच आकड्यात, आपण चेकवर लिहितो तसं. आकड्याचं चिन्ह ओळखायला वाचणाऱ्याला याहून चांगला पुरावा कुठला मिळणार? मी हे सांगत होतो तोवर ती म्हणाली, "म्हणजे वसुबारस!" तर तसं नाही, वसुबारसेतली बारस म्हणजे द्वादशी, तिथी. पण मूळ एकच, संस्कृत द्वादश, आणि दोन्हीकडे गाई. दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडावरचा शब्द नववीतल्या मुलीला कोशाशिवाय कळला. मला तर त्या ओळीत फक्त रोमन अक्षरं दिसत होती.

रांजणाचं काय? लेखाचा जेवढा भाग वाचता येतो त्याचं भाषांतर मुलांनी वाटून घेऊन तपासलं. गाई, घोडे, हत्ती, गावं, रथ, कार्षापण, सगळं आहे. जकात नाही, रांजण नाही. वाट व्यापाराची होती हे पक्कं, त्यामुळे तिथे जकात घेत असतीलही. पण ते आपण म्हणतो, भिंत म्हणत नाही.

निघताना वह्या पाहिल्या. त्या मुलीने लिहिलं होतं: "रांजण जकातीसाठी होता असे लोक सांगतात. लेखात सापडले नाही. रांजणाबद्दल पहिल्यांदा कोणी लिहिले ते शोधायचे आहे." बाईंनी त्याखाली सोमवारची तारीख टाकली होती.