निशिगंधाचे वय

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या उभारणीवर कोणी कादंबरी लिहिली आणि तिच्यातील पूजेत निशिगंधाचा हार आणला, तर तो कालविपर्यास ठरेल. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. स्पॅनिशांनी १५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी जिंकली. त्यानंतरच या कंदाने समुद्र ओलांडला.

मग हे फूल आपल्याला प्राचीन का वाटते? 'गुलछबू' या जुन्या नावात फारसी 'गुल-ए-शब्बो', म्हणजे रात्री दरवळणारे फूल, अजून ऐकू येते. 'निशिगंध' हा त्याच अर्थाला चढवलेला संस्कृत पेहराव. त्यात मातीनेही साथ दिली. ट्यूलिपला फुलण्यापूर्वी दीर्घ थंडी लागते. निशिगंधाला ती लागत नाही. म्हणून बुलढाण्यासारख्या उष्ण जिल्ह्यातल्या परसातही तो सहज नांदतो.

कादंबरीकाराला कंदाचेच फूल हवे असेल, तर कळलावी आहे. उन्हाळाभर तिचा कंद जमिनीत निजतो, पावसाबरोबर वेल वर येते आणि ज्वाळेसारखी फुले धरते. संस्कृतात ती 'अग्निशिखा', आणि नांगरासारख्या कंदामुळे 'लांगली'.

निशिगंध यामुळे परका ठरत नाही. मात्र संस्कृत नाव हा प्राचीनतेचा दाखला नव्हे, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.