तिसऱ्या प्लेटची साक्ष

एखादी वस्तू सपाट आहे की नाही, हे आपण कसे ठरवतो? सपाट म्हणून माहीत असलेली दुसरी वस्तू तिच्यावर ठेवून पाहतो. मग जगातली पहिली सपाट वस्तू कशावर ताडून पाहिली असेल? भोसरीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुने लेथ दुरुस्त करणाऱ्या एका निवृत्त फिटरकाकांना मी हे विचारले. ते हसून म्हणाले, ‘‘दोन प्लेटा खोटं बोलतात हो. तिसरी आली की पकडल्या जातात.’’

या उत्तराला जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे धातूच्या सपाट पृष्ठांवर निबंध वाचला. तोवर कारागीर दोन प्लेटा एमरी घालून एकमेकींवर घासत. पण एमरीचे कण कुठे जास्त साचतील याचा नेम नसतो. एक प्लेट किंचित फुगीर, दुसरी तेवढीच खोलगट झाली, तरी वाटीत वाटी बसावी तशा त्या चपखल बसतात आणि फसवतात. व्हिटवर्थ यांनी सांगितले, घासू नका, खरवडा. आणि प्लेटा तीन घ्या. पहिलीशी दुसरी जुळवा, मग पहिलीशीच तिसरी. पहिली फुगीर असेल तर उरलेल्या दोघी खोलगट निघणार. त्या समोरासमोर आणल्या की चूक दुप्पट होऊन दिसते. जोड्या बदलत, प्लेटा आडव्या-उभ्या फिरवत तिन्ही जुळल्या, की सपाटी आली. ही युक्ती मुळात हेन्री मॉडस्ले यांच्या लंडनमधल्या कारखान्यातली, जिथे व्हिटवर्थ स्वतः कामाला होते, असेही मानले जाते. श्रेय निबंध वाचणाऱ्याला मिळते, ते असे!

काकांची रीत आजही तीच. प्लेटला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा. जुने फिटर तेलात कालवलेला शेंदूर वापरत. त्यावर बीडाचा भाग फिरवला की उंचवट्यांना रंग लागतो. तेवढेच ठिपके स्क्रेपरने खरवडायचे, एका वेळी काही मायक्रॉन. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. इंचभर चौकोनात वीसेक ठिपके उमटले, की काम उत्तम. मधल्या बारीक खळग्यांत तेल टिकते, म्हणून स्लाइड अडखळत नाही.

१९६६ मध्ये टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा राहिला, पिंपरी-चिंचवडला यंत्रे बनवणारे हात लागू लागले. त्या काळी लेथ असो वा मिलिंग मशीन, शेवटची सपाटी फिटरच्या मनगटातून यायची. आता चाकणच्या अनेक सीएनसी यंत्रांत तयार लिनिअर गाइड बसवलेले असतात. तरी अतिअचूक ग्राइंडिंग मशीनच्या स्लाइड आजही कुठे कुठे हातानेच खरवडतात.

काकांकडे शिकायला सध्या कोणी नाही. ओळखीच्या एका कारखानदाराने परवा त्यांची एक प्लेट मागितली. काकांनी तिन्ही त्याच्या टेम्पोत चढवल्या.

‘‘एकटी नेऊन काय करणार?’’ म्हणाले.